झाकली मूठ

"मूठ एकदम झकास झालीय हो," खानावळीतला आचारी म्हणाला. "सुरी कशी लोण्यातून फिरल्यासारखी फिरते."

"तोंड बंद कर आणि हात उघड," मूठवाले म्हणाले.

"नको बाबा. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

मूठवाल्यांनी त्याचं मनगट धरून पंजा उताणा केलाच. तर्जनीच्या मुळाशी रुपयाएवढा लाल डाग उठला होता.

"ही झकास का? लेका, तोंडाला भीड असते, तळहाताला नसते. ठेव सुरी. उद्या ने."

सुऱ्यांना मुठी बसवणं हा त्यांचा धंदा. पातं लोहाराकडून यायचं, मूठ ते घडवायचे. घराच्या पुढच्या खोलीत काम आवळून धरायचा शेगडा, कानशी आणि लाकडाचा भुसा, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. कुणी बोटांच्या खाचा पाडलेली ऐटबाज मूठ मागितली की ते विचारायचे, "खाचा कुणाच्या बोटांच्या पाडू? तुझ्या, की तुझ्या बायकोच्या?" गोल मूठ हातात फिरते, म्हणून ती अंड्यासारखी लांबट हवी, डोळे मिटूनही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळलं पाहिजे. मध्ये किंचित भरलेली, शेवटाला जराशी रुंद, म्हणजे ओला हात घसरत नाही. आरशासारख्या पॉलिशला तर ते शिव्याच घालायचे. एवढं सगळं करूनही गिऱ्हाईक घटकाभर काम करून आलं आणि त्याचा तळहात स्वच्छ निघाला, तरच ती मूठ पास. ह्या परीक्षेवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

आणि घरातच ते नापास होत होते. बायकोची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. स्वयंपाक तिनं सुनेच्या हाती आनंदानं सोपवला. भाजी चिरणं तेवढं सोडलं नाही.

"ते माझ्याकडे राहू द्या," ती म्हणाली होती. "तेही गेलं तर मी ह्या घरात नुसती बसून खाणारी झाले."

मूठवाल्यांच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं. बायकोची मूठ मिटत नाही म्हणून त्यांनी जाड मूठ केली. मग आणखी जाड. एकदा जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली. ओल्या मातीचा गोळा तिच्या हातात दाबून त्या ठशावरून एक घडवली. दर वेळी ती म्हणायची, "छान झालीय हो." दर वेळी ते तिचा हात उलटून बघायचे आणि डाग असायचा. एकदा तर चांगला फोडच आला होता. मग ते मूठ ठोकून काढायचे, कोपऱ्यात भिरकावायचे आणि ताटावर बसून नुसतं पाणी प्यायचे. गिऱ्हाइकांच्या सुऱ्या पडून राहिल्या. आचाऱ्यानं दोन चकरा मारल्या आणि तो चिडून गेला.

शेवटी त्यांनी हलकं लाकूड आणलं. अंगठा वळत नाही, तर त्याला टेकायला वर छोटा उंचवटा ठेवला. तीन बोटं उघडीच राहतात, तर त्यांच्या खाली भरपूर जाडी ठेवली. ती मूठ म्हणजे हुबेहूब तिचा हात होता, आतून बाहेर काढल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आत आले. टेबलावर कांदे, गाजरं, घेवडा चिरून तयार होता. बायको खुर्चीत बसली होती, समोर सुरी, पदरावर घेवड्याच्या शिरा. त्यांनी तिचा हात उलटला. तळहात स्वच्छ. इकडून बघितला, तिकडून बघितला. कुठे काही नाही.

"दुखलं नाही?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "आता तरी जेवाल का नीट?"

मूठवाले जेवले. दोनदा भात मागून घेतला. नंतर गल्लीत ज्याला त्याला धरून सांगत सुटले, "आयुष्यात एक मूठ मनासारखी जमली बघा!" आचाऱ्याची सुरी त्यांनी स्वतः नेऊन दिली, वर त्याला चहा पाजला. रोज दुपारी हात बघायचे, रोज हात स्वच्छ, आणि रोज ते नवरदेवासारखे खूश.

एका सकाळी सून चहा घेऊन पुढच्या खोलीत आली. कप देताना तिचा पंजा त्यांच्या डोळ्यांसमोर उघडला. तळव्याच्या मधोमध लाल डाग होता, आणि करंगळीच्या टोकाला दुसरा. मोठी मूठ लहान हातात कुठे बोचते, हे त्यांना शिकवायला कुणी नको होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अहो बाबा, ते गरम पातेलं धरलं होतं..." असं म्हणता म्हणता सून थांबली. तिनं दाराकडे पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. आईंना ती उचलताच येत नाही. नुसती हातात दिली तरी पडते. तुमची चाहूल लागली की मी सुरी त्यांच्यासमोर ठेवते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आई म्हणाल्या, किती मुठी करतील बिचारे. एक तरी जमू दे त्यांची."

मूठवाल्यांनी कप तसाच खाली ठेवला. उभा जन्म लोकांचे हात वाचले, आणि बायकोचा वाचता आला नाही. बिनचूक मूठ धरली की डाग पडत नाही. मूठ धरलीच नाही, तरीही पडत नाही. एवढी साधी गोष्ट त्यांच्या टाळक्यात कधी शिरली नव्हती. बाहेर बढाया मारत फिरलो आणि आत ती रिकामे हात घेऊन बसली होती, ह्या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 मग ते म्हणाले, "सुरी आण. असा डाग पडून चालायचं नाही."

पातं फडक्यात गुंडाळून त्यांनी सुरी शेगड्यात आवळली. कानस उचलली, पण हात चालेना. अंगठ्याचा तो उंचवटा त्यांनी बोटानं चाचपला. सुनेचा अंगठा चांगला वळत होता. तिला त्याची गरज नव्हती. त्यांनी कानस टेकवली आणि ओढली. पिवळा भुसा त्यांच्या मांडीवर पडू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी वाहू दिलं.

"अहो," आतून बायकोनं हाक मारली. "काय घासताय?"

कानस थांबली. काहीतरी थाप मारता आली असती. आचाऱ्याची सुरी आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मूठ," ते म्हणाले. "जरा जाड झाली होती."

सून भिंतीला टेकून मान खाली घालून उभी होती. रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी खडखडत निघून गेली.

"करंगळीकडून अजून काढा," बायको म्हणाली. "तिचा हात लहान आहे."

मूठवाल्यांनी सुरी शेगड्यातून सोडवली. सुनेला जवळ बोलावून मूठ तिच्या हातात देऊन पाहिली, आणि करंगळीकडून अजून काढली.