उशिरा आलेलं ‘आई गं’

बळवंतराव दीड वर्षानं कचेरीत परतले, तेव्हा छातीत पाणी झालं होतं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. हे कारण त्यांच्या बायकोनं, शरयूनं, शोधून काढलं होतं. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि पुढं काही विचारत नाही. खरं तर त्यांना महारोग झाला होता. वऱ्हाडातल्या एका दवाखान्यात राहून तो बरा झाला. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहूनही दिलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर झाली होती, आणि ती तशीच राहणार होती.

साल छप्पन्न. मध्य भारत हे छोटं राज्य नव्या मोठ्या राज्यात विलीन होणार, राजधानी भोपाळला जाणार, म्हणून ग्वाल्हेरच्या त्या कचेरीत दिवसभर दप्तर बांधणं चाललं होतं. फायलींचे गठ्ठे कापडात गुंडाळायचे, सुतळीनं आवळायचे, गाठीवर लाख वितळवून मोहोर मारायची. बळवंतराव आणि मुकुंदराव एकाच टेबलावर होते. दोघांची जुनी दोस्ती. दुपारी एकमेकांच्या डब्यातली भाजी वाटून घ्यायचे.

त्या दिवशी बळवंतराव डाव्या हातानं गाठ दाबून धरून तिच्यावर लाख सोडत होते. भोपाळला मुलींसाठी मराठी शाळा असेल का, असं काहीतरी बोलणं चाललं होतं.

“बाबूजी, हाथ! हाथ जल रहा है!” दारातला चपराशी ओरडला.

बळवंतरावांनी खाली पाहिलं. लाख बोटांवर पसरून थिजत होती. कडेची कातडी पांढरी पडली होती. आणि मग, पाहिल्यावर, ते ओरडले, “आई गं!”

ओरडताक्षणीच त्यांना कळलं की उशीर झाला. खोलीतल्या सगळ्यांनाच कळलं. हेडक्लार्क जगदेवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“दुखलं नाही का हो तुम्हाला?”

“दुखलं ना. फार दुखलं.” बळवंतराव हात झटकू लागले, बोटांवर फुंकर घालू लागले. कुणी पाणी आणायला उठलं नाही. मुकुंदरावांनी खुर्ची मागं घेतली.

इंदरगंजातल्या घरी येऊन त्यांनी हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला. शरयूनं जखम धुतली.

“कळलं का त्यांना?” तिनं विचारलं.

“अगं, मी नाटक केलं. चारचौघांत. लहान पोरासारखं.”

रोगाची लाज त्यांच्या अंगवळणी पडली होती. ही नवी होती. जेवताना, दाढी करताना ते ‘आई गं’ कानात वाजायचं आणि ते एकटेच मान हलवायचे. कचेरीत जायचं नावच काढेनात.

चार-दोन दिवसांनी मुकुंदराव आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. शरयूनं चहाचं विचारलं, तर नको म्हणाले.

“सांगायचं होतंत मला,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं, तर माझ्याबरोबर जेवला असतात?”

मुकुंदराव चपलेकडे बघत म्हणाले, “नसतो जेवलो. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घरी जाऊन मुलांना कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली मी. सांगायलाही शरम वाटते.”

“बरोबर केलंत,” बळवंतराव म्हणाले. आपण असं का म्हणालो, ते त्यांनाच कळेना.

“साहेब विचारताहेत. तुम्ही सांगा. जगदेवरावांनी सांगण्यापेक्षा ते बरं.”

दुसऱ्या दिवशी बळवंतराव साहेबांसमोर उभे राहिले. डॉक्टरांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. साहेबांनी तो न उचलता वाकून वाचला. “ठीक है. काम कीजिए. लेकिन मोहर का काम नहीं.” बळवंतरावांचं टेबल व्हरांड्यात हलवलं गेलं. तिथं कुणाच्या पायांचा आवाज आला की ते हात टेबलाखाली घ्यायचे. मुकुंदराव कधीमधी आपला डबा घेऊन येत आणि कठड्यावर बसून जेवत. भाजी वाटून घ्यायचा विषय दोघांनीही काढला नाही.

भोपाळला गेल्यावर शेजारच्या टेबलावर नागपूरहून आलेला रमाकांत होता. मोकळा माणूस. पहिल्याच आठवड्यात पानसुपारीची चंची बळवंतरावांपुढं सरकवत त्यानं विचारलं, “बोटांना काय झालं हो तुमच्या?”

भाजलं, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं.

“महारोग होता,” बळवंतराव समोरच्या कागदाकडे बघत म्हणाले. कान तापले होते. “औषधानं बरा झाला. बोटांना आता काही कळत नाही.”

“असं होय,” रमाकांत म्हणाला. जरा वेळानं त्यानं चंची उचलून खिशात टाकली.

बळवंतरावांनी ते पाहिलं. मग टाक दौतीत बुडवून अर्धी राहिलेली ओळ पुरी केली.