मिस्त्रींचा कान

रोज सकाळी अंघोळ झाली की मी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील घेते. आमचे हे, पोपट मिस्त्री, शेजारी बसून माझ्यामागून म्हणायचे. अठ्ठ्याण्णव सालापासून यांचं चुकायला लागलं. मी दुसऱ्या शीलावर, तर हे तिसऱ्यावर. माझा आवाज मुळातच बारीक. पण दोष आवाजाचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही तर गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

यवतला हायवेलगत आमचं गॅरेज. जुन्या विलायती गाड्या लांबून यांच्याकडे यायच्या. चालत्या इंजिनला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि नेमकं दुखणं सांगायचं. त्या कानावरच यांचं नाव होतं.

दोन हजार सालच्या मे महिन्यात न्हावऱ्याचे जयसिंगराव त्यांची पांढरी, लांबलचक गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आईला पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

"मिस्त्री, गरमीचा काटा चढला तर काय करायचं?"

समोर उभं राहून बोललं की यांना ओठांवरून कळायचं. "आधी एसी बंद करा. तरी चढला तर गाडी बाजूला घ्या. आन् तापल्यावर पाण्याचं झाकण खोलू नका, त्वांड भाजंल."

"आन् ही घरघर कसली?"

यांनी पाण्याच्या पंपाला स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. "कुठं काय? वीस वर्षांची म्हातारी हाय, जरा खोकणारच. बिनघोर जा."

मी चहा घेऊन उभी होते. दगडावर दगड घासावा तशी घरघर मला दारातून ऐकू येत होती.

जयसिंगराव माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही खोटं बोलायच्या न्हाई. मला भास होतोय का?"

हे अजून डोळे मिटूनच होते. मला उन्हात अडकलेली ती गाडी दिसली, मागे आडवी झालेली म्हातारी दिसली.

"भास न्हाई, भाऊ," मी म्हणाले. "पंपातच हाय."

यांनी डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघं यांच्याकडे बघत होतो. यांनी पंप उतरवला, बेरिंग बोटांनी फिरवून पाहिलं. पार गेलेलं. संध्याकाळपर्यंत नवा पंप बसवला. हातात कसर नव्हती.

जयसिंगरावांची आई नीट घरी पोचली. महिन्याभरानं ते पुन्हा आले, पेढे घेऊन. इंजिन चालू केलं, फळीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि अगदी अदबीनं माझ्यापुढे धरला.

"वहिनी, तेवढं ऐकता का?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली, घे म्हणून. आणि पाण्याची बादली उचलून मागच्या बाजूला गेले. बादली भरलेलीच होती.

आता गाड्या येतात. ऐकते मी, खोलतात हे. सकाळी पंचशीलाला अजून शेजारी बसतात, माझ्या ओठांकडे बघत बघत म्हणतात. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला मात्र मान खाली घालतात. मी तिथं थांबते. ते वर बघेपर्यंत पाचवं घेत नाही.