ट्रंपेटचं बरोबर आहे

माझा दादा खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज फार गोड होतो. नवे दात बसवून घेतल्यापासून तो सारखा गोडच बोलत होता. "कसं चाललंय वाजवणं?" विचारलं की म्हणायचा, "मजेत! ओठ जरा सुस्तावलेत, बाकी काही नाही." ओठांचा काही संबंध नव्हता. जिन्यावरून घसरून त्याचे पुढचे दोन दात गेले होते, त्या जागी डॉक्टरांनी नवे बसवले होते, आणि ट्रंपेट टेकते ती नेमकी तीच जागा. खालचे स्वर परत आले, मधले आले, वरचे काही केल्या येईनात. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. त्याला वाटायचं, मला काही ऐकू येत नाही.

दादा आमच्या बँडमध्ये पहिली ट्रंपेट वाजवतो. बँड म्हणजे सतरा माणसं: पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रंपेट आणि कडेला पियानो, गिटार, बास, ड्रम. दिवसभर सगळे आपापल्या नोकरीधंद्याला, आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये जमून जॅझ. पियानोवर मी असते. नोकरी म्हणाल तर मी घरांचे आराखडे काढते. माझी रेघ सरळ येते एवढ्या एका गुणावर मास्तरांनी मला हाताखाली घेतलं.

मास्तर म्हणजे आमच्या बँडचे सर्वेसर्वा. चाल त्यांची, मांडणी त्यांची, आरडाओरडाही त्यांचाच. वर्षभर ते मला मांडणी शिकवत होते. एका चालीचे सतरा वाटे कसे करायचे, कोणाला कधी बोलू द्यायचं आणि कोणाला कधी गप्प बसवायचं, हे सगळं पेन्सिलीने कागदावर. माझ्या पहिल्या पानावर सगळेच एकदम वाजत होते आणि थांबतच नव्हते. मास्तरांनी पान नाकाजवळ नेलं. "अगं, यांची गाडी चुकतेय का? माणसं आहेत ती. श्वास कधी घेणार?" त्यानंतर मी ट्रॉम्बोनवाल्यांचा श्वास मोजायला शिकले. एकाला दम्याचा त्रास होता, त्याला जास्तीची विश्रांती द्यायला लागले. मास्तरांना ते आवडलं, पण तसं ते बोलले नाहीत.

खरी डोकेदुखी वेगळीच. ही वाद्यं कागदावर एक वाचतात आणि प्रत्यक्षात भलतंच बोलतात. ट्रंपेटवाल्याने कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येतो पियानोचा बी-फ्लॅट, म्हणजे अख्खा एक स्वर खाली. म्हणून ट्रंपेटचं सगळं एक स्वर चढवून लिहायचं. ऑल्टो सॅक्सोफोनचा हिशेब निराळा, टेनरचा त्याहून निराळा. हे असं का, म्हणून मी एकदा तावातावाने विचारलं. मास्तर म्हणाले, "ज्यांनी हे ठरवलं ते आता हयात नाहीत. भांडणार कोणाशी? लिही." मुख्य पान पियानोच्या हिशेबाने लिहायचं, मग त्यातून प्रत्येकाचा कागद त्याच्या वाद्याच्या हिशेबाने वेगळा उतरवायचा. प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त आपला कागद. शेजारी काय वाजवणार हे ऐकू आल्यावरच कळतं.

नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला आम्हाला वाजवायचं होतं. मास्तरांनी आपली एक नवी चाल माझ्या हवाली केली. "ही पूर्ण तुझी. मी बघणार नाही. चुकलीस तर सगळ्यांसमोर चूक." 

त्याच संध्याकाळी दादा खाली आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"शेवट वर ने," तो म्हणाला. "ट्रंपेट चढली पाहिजे. नेहमीसारखी."

"दादा, खरं सांग. जमतंय का तुला?"

"हे बघ, मला सांभाळून लिहिलंस ना, तर याद राख. वीस वर्षं वाजवतोय. माझ्यावर दया केलेली मला कागद बघूनच कळेल. त्याच दिवशी खुर्ची सोडीन."

हे तो गोड आवाजात बोलला नाही, म्हणजे खरंच सोडणार होता. माझी पंचाईत झाली. वरचा स्वर लिहावा तर तो सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, न लिहावा तर घरी बसणार. दादा ट्रंपेटशिवाय घरी बसला तर काय होतं हे दात गेल्यापासून नवे बसेपर्यंतच्या चार महिन्यांत आम्ही बघितलं होतं. तो कोणाशी भांडायचा नाही, रुसायचा नाही, नुसता खिडकीत बसून रस्त्याकडे बघायचा. वहिनी मला म्हणाली होती, "यापेक्षा ओरडलेले परवडले गं."

शेवटी मी लिहिला. सगळी वाद्यं पायरी पायरीने चढतात आणि त्या सगळ्यांच्या वर दादाची ट्रंपेट 'सी' धरते. मुख्य पान झालं. मग कागद उतरवायला घेतले. सॅक्सोफोनचे आधी, कारण त्यांची धास्ती जास्त. प्रत्येक स्वर बोटावर मोजून लिहिला. मग ट्रॉम्बोन. ट्रंपेट राहिल्या शेवटाला. दुपार झाली होती, वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेली होती. उरकलं एकदाचं, आणि दादाचा कागद वर नेऊन दिला.

दुसऱ्या दिवसापासून वर सुरू झालं. मधला भाग छान, मग चढण, मग फुस्स. पुन्हा चढण, पुन्हा फुस्स. मी खाली कान तिकडे लावून भांडी घासत होते. तिसऱ्या संध्याकाळी मात्र चढण आली आणि तिच्या टोकाला स्वर लागला. स्वच्छ लागला. मी नळ बंद केला. पुन्हा एकदा लागला. वहिनी जिना उतरून आली, अर्ध्यावरच पायरीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. मीही ओल्या हातांनी तिच्याशेजारी जाऊन बसले. "लागला गं," एवढंच ती म्हणत होती. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्या वेळी मी उठून पियानोवर एक बोट ठेवून बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आनंदात कोण तपासायला जातं?

तालमीच्या दिवशी मास्तरांनी हात खाली आणला आणि चारच मात्रांत हॉलमध्ये भयंकर काहीतरी झालं. सॅक्सोफोन एकीकडे, ट्रंपेट भलतीकडेच. दोन वेगवेगळ्या चाली एकमेकींच्या झिंज्या ओढत असल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी हात वर केला.

"ट्रंपेट, तुम्ही एकटे वाजवा." त्यांनी वाजवलं. मास्तरांनी माझ्या मुख्य पानाकडे बघितलं आणि हसू दाबलं. "अगं बाई, तू यांचं चढवलंच नाहीस. पियानोचेच स्वर जसेच्या तसे उतरवलेस. सगळे एक स्वर खाली वाजतायत."

सगळा हॉल खदखदून हसला. माझे कान तापले.

"असू दे, पहिली वेळ आहे," मास्तर म्हणाले. "ट्रंपेटवाल्यांनो, समोर दिसतंय त्याच्या एक स्वर वर वाजवा. कागद नंतर बदलून देईल ती. चला, पहिल्यापासून."

हे नेहमीचंच होतं, सरावलेल्या माणसांना ते सहज येतं. पण मी दादाकडे बघितलं. त्याने तीन दिवस घाम गाळून मिळवला तो कागदावरचा 'सी'. आता त्याच जागी 'डी' वाजवायचा होता, आणि तो त्याच्याकडे नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने ट्रंपेट मांडीवर आडवी ठेवली.

"मास्तर," तो म्हणाला, "मला जरा एक सांगायचं होतं."

आवाज इतका गोड होता की मी उभीच राहिले.

"ट्रंपेटचं बरोबर आहे!" मी जवळजवळ किंचाळले. "चूक बाकीच्यांची आहे."

सगळ्यांनी आपापल्या कागदाकडे बघितलं.

"म्हणजे त्या चौघांचं बरोबर आणि आम्ही सगळे चुकीचे?" एक ट्रॉम्बोनवाला म्हणाला.

"हो."

"मी पण?" ड्रमवाल्याने विचारलं.

"तू सोडून. तुला कुठे स्वर आहेत?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला. "अगं, चार कागद बदलायचे की बारा?"

"बारा. सगळी चाल एक स्वर खाली घेते मी. एफमधून ई-फ्लॅटमध्ये. मला ती पट्टी जास्त आवडते." धडधडीत थाप होती. मी त्या पट्टीचा विचार त्या क्षणापर्यंत केलाच नव्हता.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी दादाकडे बघितलं, त्याच्या मांडीवरच्या ट्रंपेटकडे बघितलं. सॅक्सोफोनच्या रांगेत शेवटी बसणारे दातांचे डॉक्टर, ज्यांनी दादाचे दात बसवले होते, घसा साफ करून म्हणाले, "खाली घेतलंत तर उत्तमच. माझा बॅरिटोन सॅक्सोफोन खाली जास्त मोकळा बोलतो." गिटारवाला कुरकुरला, त्याला ई-फ्लॅट कधीच आवडत नाही. पण त्याला तसं काहीच आवडत नाही.

"लिहिणारी म्हणते तेच खरं," मास्तर म्हणाले. "पुढच्या तालमीला बारा कागद नवे हवेत. आता जुनं काहीतरी काढा."

आम्ही घरी आलो. मी टेबलावर कोरे कागद मांडले तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"तुझा कागद सोपा करू नको म्हणाला होतास. केलाय? जा, घेऊन ये. एक टिंब जरी हललेलं दाखवलंस तर मी लिहिणं सोडते. बारा जणांचे कागद बदलतेय मी, तुझा आहे तसाच आहे."

 भांडायला आलेल्या माणसाला मुद्दाच सापडू नये, तशी त्याची अवस्था झाली. तो खुर्ची ओढून बसला.

"मी आज सोडणारच होतो," तो म्हणाला.

"कळलं मला."

"डॉक्टर म्हणाले, 'सी'च्या वर आता बहुतेक कधीच नाही. महिना झाला त्याला. तुम्हाला दोघींना कसं सांगू तेच कळेना. रोज सकाळी उठलो की आधी ते आठवायचं." त्याने नाक पुसलं. "फार भीती वाटत होती गं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. आमच्यात अशी पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

"दे ते ट्रॉम्बोनचे इकडे," तो म्हणाला. "आणि कोणाचं चढवायचं, कोणाचं नाही, ते मोठ्याने म्हणत लिही. तुझा भरवसा नाही."

आम्ही दोघं लिहीत बसलो. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय. दोन कागद मला पुन्हा लिहावे लागले, पण मी त्याला सांगितलं नाही. वहिनी येऊन आमच्यात बसली आणि शाई वाळवायला कागद पलंगावर पसरत राहिली.

पुढच्या तालमीला चाल सुरू झाली आणि मलाच नवल वाटलं. खालच्या पट्टीत सॅक्सोफोन दाट वाजत होते. ऑल्टोवाल्यांच्या कागदावर शार्पची, म्हणजे स्वर चढवण्याची, एकही खूण उरली नव्हती, ते सुटीवर आल्यासारखे डुलत होते. मग चढण आली. एकेक रांग वर सरकली. माझी बोटं पियानोवर होती, पण सगळा जीव ट्रंपेटच्या रांगेत होता. दादाने श्वास घेतला आणि 'सी' धरला. पूर्वीसारखा हॉल हलवणारा नव्हता, थोडा अरुंद होता, कडेला किंचित थरथरत होता. पण खरा होता, आणि शेवटपर्यंत टिकला.

मास्तरांची एक खोड आहे. काही चांगलं वाजलं की ते लगेच पुन्हा वाजवून घेतात, नाहीतर त्यांना तो योगायोग वाटतो. "पुन्हा! चढणीपासून," म्हणत त्यांनी हात वर केला.

"मास्तर," दादा म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, भाजी आणायला सांगावं इतका साधा. "शेवट मला एकदाच येतो. लगेच दुसऱ्यांदा नाही येणार. नव्या दातांवर आता एवढंच आहे."

  डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते.

मास्तरांनी वर गेलेला हात खाली घेतला. "वाचनालयातही एकदाच लागणार आहे," ते म्हणाले. "मग मधला भाग घेऊ. पान दोन."

सगळ्यांनी पान दोन काढलं. एवढंच. कोणी मान वळवून बघितलं नाही, दादाच्या शेजारच्याने आपलं पाणी त्याच्यापुढे सरकवलं आणि दादा ते प्यायला. मग तो सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि पुढची चाल लिहिशील ना, तेव्हा मला खालीच ठेव. खाली मी अजून कोणाला हार जात नाही."

मास्तरांनी मात्रा मोजल्या, हात खाली आणला, आणि सगळे एकदम सुरू झाले, पियानो सोडून.

"पियानो!" मास्तर ओरडले. "झोपलीस का?"

माझ्या समोरचं पान पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. मी बाही डोळ्यांवरून फिरवली.

"मास्तर, तिला दोन मात्रा द्या," मागून दादा म्हणाला. "येईल ती."