वायंगणातली स्कूटर

जानकीनं बापाची स्कूटर वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात घातली, हे आधी आनंदीला कळलं, म्हणून बरं झालं. ती धावत बांधावर पोचली, तेव्हा चौदा वर्षांची तिची लेक लावणीसाठी केलेल्या चिखलात उभी होती आणि आडवी स्कूटर उचलू बघत होती. लागलं कुठंच नव्हतं.

पाठोपाठ जानकीचा बाप सखाराम आला. खाणीवरच्या सोबत्याच्या लग्नाला साखळी गावाला जायचं म्हणून पांढरीशुभ्र पँट घातलेली, आणि हातात कुंपणाची काठी. एरवी माणूस मायाळू, पण राग आला की त्याचा हात सुटायचा. गेल्या वर्षी जानकीच्या पाठीवरच्या वळांना खोबरेल लावताना आनंदी गप्प राहिली होती. ते गप्प राहणं तिला अजून डाचत होतं.

"वर ये गो," सखारामनं दरडावलं.

जानकी मान खाली घालून निघाली. आनंदीनं साडी खोचली, शेतात उतरली आणि लेकीच्या पुढ्यात उभी राहिली.

"ती येवची नाय. मारूचा आसात तर तुमी हयसर येवा. आदी माका मारा."

"तू बाजूक हो."

"होवचंय नाय."

सखारामनं तावातावानं पाय टाकला. तो पोटरीपर्यंत आत गेला. दुसरा उचलला तर चप्पल चिखलातच राहिली, आणि पांढऱ्या पँटसकट त्यानं बसकण मारली. काठी कुठं गेली, कळलंही नाही.

जानकी आईच्या मागून पुढं झाली. "बाबा, हात द्या."

एक हात तिनं पुढं केला, दुसरा मात्र मार चुकवायला डोक्यावर धरला. सखाराम त्या दुसऱ्या हाताकडे बघतच राहिला. त्याचा सगळा राग उतरला.

"भिवू नको, बाय," तो हळूच म्हणाला. "मारूचंय नाय. आज नाय, आणि फुडे कधीच नाय."

जानकीनं जोर लावून ओढलं आणि बापलेक दोघंही आडवी झाली. आनंदीला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. मग जानकी हसली, आणि शेवटी सखारामही.

रविवारी त्यानं लेकीला मोकळ्या सड्यावर, कातळाच्या माळावर नेलं, मागं बसून शिकवलं. रस्त्यावर मात्र अठरा झाल्याशिवाय नाही, असं बजावलं. स्कूटर सरळ धावू लागली, तशी जानकी काजूखाली बसलेल्या आईपाशी येऊन थांबली.

"आये, बसतंस?"

आनंदीनं पदर खोचला आणि लेकीच्या मागं बसली.