मुठीतला हिरवा उजेड

ताश्कंदच्या जुन्या बाजारात युद्धकाळातल्या एका घड्याळाला मी नऊ लाख सोम म्हणालो. विक्रेत्याने मान डोलावली. दलाल तुर्गुन-अकांनी लगेच आमचे हात एकत्र धरून हलवायला सुरुवात केली. सौदा पक्का होईपर्यंत ते सोडत नाहीत.

माझ्या दुसऱ्या मुठीतल्या अंधारात घड्याळाचे आकडे हिरवे चमकले. इतक्या जुन्या तबकडीची चमक कधीच विझलेली असते.

“अका, तबकडी नव्याने रंगवलीय. निम्म्या किमतीचंही नाही हे. हात सोडा.”

“आधी डोळे उघडायचे, पोरा, मग तोंड. शब्द फिरवायचाय? समोर तुझ्या वडलांचं दुकान आहे. त्यांना विचारू, तुमच्यात चालतं का?”

लोक हसले. दुकानातून वडील आमच्याकडेच बघत होते.

मी “घेतलं” म्हणालो, तेव्हा कुठे हात सुटला.