ज्ञानूचं फिरणं

चंद्राबाईंनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि साखरपाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. ज्ञानू घामानं निथळत होता, हातपाय लटलटत होते. मार्गासनीच्या रस्त्याकडेला निम्मी आळी गोळा झाली होती आणि सगळ्यांची नजर पडलेल्या माणसावर कमी, त्याच्या बायकोवर जास्त होती. कुणीतरी बोललंच, की भातावाचून माणूस असाच पडायचा.

भाताच्या मुलखात भात तोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे? इथला माणूस चार भाकरी खाईल, पण वर भात नसला तर जेवलो म्हणायचा नाही. पण ज्ञानूच्या थोरल्या भावाचा पाय साखरेच्या आजारानं कापावा लागला होता आणि ती जखम चंद्राबाईंनी स्वतःच्या हातांनी धुतली होती. त्यामुळे वेल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी ज्ञानूला भात बंद, भाकरी अर्धी, उसळ-पालेभाजी-अंडी पोटभर आणि रोज सांजचं फिरणं सांगितलं, तेव्हा बाईंनी ते देवाच्या नेमासारखं धरलं. घरात भाताचं पातेलं चढेनासं झालं. आपल्यापुरता मूठभर शिजवावा, तर तो घशाखाली उतरायचा कसा? त्यांनी स्वतःही सोडला.

ज्ञानू मात्र गुणी लेकरासारखा वागला. पुढ्यात येईल ते निमूट खाई आणि ऊन उतरलं की वहाणा सरकवून फिरायला निघे. एक दिवस खाडा नाही. तरी साखर हटेना. डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोळी वाढवली. आपलंच काही चुकतंय म्हणून चंद्राबाई भाकरीतली कोर आणखी कमी करत राहिल्या.

पडला त्या दिवशी दवाखान्यात विचारणा झाली, की एवढी खाली साखर गेलीच कशी, खाण्यात काही फरक झाला का.

"ही घालती त्येच खातो," ज्ञानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीतली बनाबाई धापा टाकत आली. चंद्राबाईंपेक्षा वयानं बरीच लहान, मनानं मऊ. उंबऱ्यात बसली नि डोळ्याला पदर लावला.

"काल आमी सारोळ्याला लग्नाला गेलो नसतो, तर ह्यो परसंग आला नसता बगा. रोज येत्यात, पोटभर भात-आमटी जेवत्यात. काल कुलूप बगून बिचारे उपाशीच माघारी फिरले."

मेथी निवडणारा चंद्राबाईंचा हात थांबला. म्हणजे वाढलेली गोळी बनाबाईच्या भातावर होती, आणि काल पोटात नुसती गोळी नि वर चढाची वाट! बनाबाईला तरी काय बोलणार? बायको उपाशी ठेवते असं सांगत म्हातारा दारात आला, तर कोण हाकलेल?

आतल्या खाटेवर ज्ञानू खोकला आणि भिंतीकडे वळला.

चंद्राबाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ह्यानं दुसऱ्याच्या घरी ताट चाटायचं आणि गावानं आपल्याला कैदाशीण म्हणायचं! पण करतात काय, आपलेच दात, आपलेच ओठ. थोरल्या दिरांचा तो पाय डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांनी मेथी बाजूला सारली.

"बनाबाई, तुमी न्हाई म्हनलासा तर हे दुसरं दार गाठतील. तवा वाढा. फकस्त किती वाढला तेवढं मला सांगत जावा, पाया पडते तुमच्या. गोळी किती द्यायची ते डॉक्टरीणबाईंना इचारता येईल."

आणि त्या खरंच वाकल्या. बनाबाईनं घाबरून पाय मागं घेतले आणि चहाला न थांबता निघून गेली.

सांजेपर्यंत आळीभर झालं होतं, की चंद्राबाई आता परक्या घरातलाही नवऱ्याचा घास मोजायला निघाली. दोन दिवसांनी ज्ञानू पुन्हा फिरायला निघाला, तेव्हा पारावरच्या मानसिंगनं त्याला ते तोंडावर विचारलं.

ज्ञानूला बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलता आला असता. त्यानं सुस्कारा सोडला.

"काय सांगायचं गड्या. नशीब एकेकाचं."

पारावरची माणसं च्‌च्‌ करत हळहळली. चंद्राबाई चार पावलं मागंच उभ्या होत्या. त्याला एकट्याला सोडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तो खालच्या वाडीच्या वाटेला लागला, तशा त्याही त्याच्या मागून चालू लागल्या.