सगळ्यांचा कॉम्प्युटर

आमच्याकडे कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं ते कल्याणीसाठी. कल्याणी म्हणजे माझी सून. लग्नाआधीपासून ती हडपसरला एका छोट्या फर्ममध्ये यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज करायची. आयुष झाल्यावर तिने नोकरी सोडली. आता तो अडीच वर्षांचा झाला होता आणि फर्मने तिला परत बोलावलं होतं. ऑफिसात या नाहीतर घरून करा, कॉम्प्युटर मात्र तुमचा, आणि काय ते सोमवारी कळवा. घरूनच करायचं, असं आमच्या ह्यांनी आणि मुलाने, आनंदने, ठरवूनही टाकलं. कल्याणी 'चालेल' म्हणाली.

शनिवारी आमची वरात नारायण पेठेत दिगंबरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. त्याने खुर्च्या दिल्या आणि विचारलं, गरज काय आहे? झालं! ह्यांना मोठा स्क्रीन हवा, कारण पेपरच्या संपादकांना पत्रं लिहायची असतात. रस्त्यातल्या खड्ड्यांनी ह्यांचं काही अडत नाही, पण त्यावर पत्र लिहिल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही. आनंदला गेम खेळायला भारीतलं कार्ड हवं. शिवाय प्रिंटर, स्पीकर, आणि हे सगळं हॉलमध्ये टीव्हीशेजारी मावलं पाहिजे. मला काही नको होतं, पण कुणी विचारलंही नाही.

दिगंबर मुरलेला दुकानदार. बोलायचा ह्यांच्याशी आणि आनंदशी. मधूनच कल्याणीला विचारायचा, वहिनी, हे चालेल ना? चालेल, म्हणायची ती. हॉलमध्ये टीव्ही लावलेला असताना काम जमेल का, असं त्यानेच एकदा विचारलं. त्यावरही ती 'चालेल'च म्हणाली.

आता हा शब्द मला चांगला कळतो. पस्तीस वर्षं मी तोच वापरत आलेय. सासूबाईंनी निवडलेल्या साड्या, ह्यांनी परस्पर घेतलेली जागा, सगळं मला चाललं. त्यातलं हवं होतं असं काही आठवत नाही. बसल्या जागी मला रागच आला, आणि तोही कल्याणीचा.

दिगंबर बिल करायला बसला तशी मी म्हटलं, "थांबा जरा. कल्याणी, चालेल ते राहू दे. तुला हवंय काय?"

ती आयुषचं नाक पुसत होती. वर न बघता म्हणाली, "लॅपटॉप. मला ऑफिसात जायचंय, आई."

मग मेमरी किती हवी, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कशावर नीट चालतं, किती वजनाचा बसमधून नेता येईल, सगळं तिने धडाधडा सांगितलं. म्हणजे बाईंना सगळं पाठ होतं.

"मग आयुषला कोण बघणार?" आनंदने विचारलं. प्रश्न तिला होता, पण बघितलं सगळ्यांनी माझ्याकडे.

खरं सांगते, आत्ता कुठे मला दुपारी तासभर पाठ टेकायला मिळू लागली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा चेहरा कल्याणीने वाचला असावा.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "हाच चालेल."

"नाही चालणार," मी म्हटलं. "सकाळी मी बघीन त्याला. दुपारी बाबा बघतील."

ह्यांनी चष्मा काढला. लहान मुलाची शी-शू वगैरे आपल्याला काही येत नाही, असं ते दिगंबरला समजावून सांगू लागले. दिगंबर बिचारा बिलाकडे बघत बसला.

"अहो, मला तरी कुठे येत होतं?" मी म्हटलं. "आनंद झाला तेव्हा शिकले."